मालाकीच्या पोराची शिक्षा

त्या वर्षी कोरडे महिने सरता सरेनात. नीरफणसाच्या झाडांना फळच धरलं नाही. खाली काही पडेना, म्हणून आमच्या सालेमोआ गावातली डुकरं उपाशी पोटी वणवण फिरायला लागली आणि दिसेल त्या शेतात शिरायला लागली.

मालाकीचं तारोचं, म्हणजे अळूच्या कंदांचं, शेत गावामागे, काळ्या खडकाच्या चढावर होतं. खडकाच्या खबदाडीत जिथे मूठभर माती सापडेल तिथे एक कंद, अशी सगळी लागवड. ते शेत त्या वर्षी इओसुआने जगवलं. मालाकीचा हा पोरगा, विशी ओलांडलेला, खांद्याने रुंद आणि तोंडाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. खालच्या झऱ्यावरून तो खांद्यावर कावड घेऊन चढायचा आणि एकेका बुंध्याशी ओंजळभर पाणी सोडायचा. खांद्याला घट्टे पडले होते. आई फिलेमू त्यावर खोबरेल चोळायची. तो म्हणायचा, "राहू दे गं, उद्या पुन्हा तेच व्हायचंय."

शेजारचं रान उएलेचं. त्याची कोकोची झाडं, नारळ आणि एक लठ्ठ डुकरीण. दोन्ही रानांमधली दगडी गडगी एका जागी ढासळली होती आणि त्या भगदाडातून डुकरीण पिलांसकट इकडे यायची. मालाकी दोनदा सांगायला गेला. मालाकी गावच्या सभेत बसणारा मानकरी, पण बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकून राहायचं, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. सभेत त्याची पाळी आली की लोक जमिनीकडे बघत बसायचे. उएलेने दोन्ही वेळा त्याचं पुरतं ऐकून घ्यायच्या आतच हसून हात हलवला होता. "बांधतो रे दादा गडगी. डुकराला काय माहीत हद्द कुठे संपते ते?"

एके सकाळी इओसुआ कावड घेऊन वर आला, तर वरची सगळी पट्टी उकरलेली. अर्धे खाल्लेले कंद पांढरे फटक दिसत होते. त्याने कावड खाली ठेवली आणि गडगीपाशी गेला. पलीकडे उएले दोन मेहुण्यांना घेऊन नारळ गोळा करत होता.

फिलेमू खालच्या टोकाला तण काढत होती. तिला बोलणं ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की उएले काहीतरी म्हणाला, त्याने मान वर केली आणि दोघे मेहुणे खदखदून हसले. मग इओसुआ गडगी ओलांडून पलीकडे उतरला. त्याच्या कमरेचा कोयता वर गेलेला तिला दिसला. उएलेने डावा हात आडवा धरला.

ती धावली. पायाला दगड लागले ते तिला नंतर कळलं. उएले खाली बसला होता आणि कोपराखालून रक्त काळ्या खडकावर सांडत होतं. इओसुआ तिथेच उभा होता. कोयता त्याच्या हातातून पडला होता. फिलेमूने आपली कमरेची लुंगी फाडली, उएलेचा हात वर धरला आणि गच्च बांधला. आतल्या परकरावर ती उभी होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"काय केलंस रे?" ती ओरडली.

 पोलीस आले तेव्हा इओसुआ म्हणाला, "मी मारलं." त्यापुढे एक शब्द नाही.

गावच्या सभेने दुसऱ्याच दिवशी दंड सांगितला. डुकरं, मासळीच्या डब्यांची खोकी, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोराने गावात पाऊल टाकायचं नाही. फिलेमूच्या बहिणींनी आपापल्या घरची डुकरं आणून दिली. इओसुआ जामिनावर सुटला तो थेट मामाच्या गावी गेला. उएलेच्या जवळपास जायचं नाही, अशी कोर्टाची अटही होतीच.

राहिली क्षमा मागणं. ती मालाकीने मागायची होती.

उजाडायच्या आधी मालाकी, फिलेमू आणि भाऊबंद उएलेच्या घरासमोर जाऊन बसले. घर चहूबाजूंनी उघडं, नुसते खांब आणि वर छप्पर, त्यामुळे आतले सगळे त्यांना बघत होते आणि त्यांना आतले दिसत होते. मालाकीने गुडघे टेकले, मान खाली घातली आणि फिलेमूच्या आईने बारीक विणलेली मानाची चटई डोक्यावरून पांघरली. आमच्याकडे अशा वेळी आतल्याने बाहेर येऊन चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली, तर बसून राहायचं. पूर्वी अशा बसलेल्यांवर दगडही पडायचे, असं म्हातारे सांगतात.

दगड पडले नाहीत. उएलेची बायको आपाउला झावळीच्या हिरांचा झाडू घेऊन बाहेर आली आणि अंगण झाडायला लागली. त्यांच्या सभोवती झाडलं, अगदी गुडघ्यांपर्यंत झाडत आली. धूळ चटईवर बसली. फिलेमूच्या डोळ्यांत गेली. तिने डोळे पुसले नाहीत.

ऊन चढलं. खडीचे खडे गुडघ्यात रुतले. शेवटी उएलेचा म्हातारा चुलता आतून म्हणाला, "बोल मालाकी. आलास तर बोल."

चटईखाली मालाकीने तोंड उघडलं. "आ... आ... आ..." पहिलाच शब्द येईना. चटई हलताना दिसत होती. आतलं एक लहान मूल फिसकन हसलं. त्याला कुणीतरी चापट मारली. मालाकीने पुन्हा सुरू केलं. शेवटी त्याच्या चुलतभावाने पुढे होऊन त्याच्या वतीने भाषण केलं, सुंदर केलं, पण मालाकीची पाठ चटईखाली आणखीच वाकली.

म्हातारा म्हणाला, "तुमचं ऐकलं. पण ज्याचा हात कापला तो बोटीने आपियाच्या मोठ्या दवाखान्यात गेलाय. त्याच्या वतीने मी कशी काय उचलू चटई? तो आल्यावर बघू."

ते उठले. मालाकीला उठता येईना, फिलेमूने काखेत हात घालून उठवलं.

घरी आल्यावर तो पाणीही प्यायला नाही. ती म्हणाली, "पुन्हा जाऊ."

"म... मी नाही."

"तूच. बाप तू आहेस."

त्याच आठवड्यात फिलेमूला वर शेतात काम करताना उएलेच्या रानातल्या कोकोच्या शेंगा दिसल्या. पिवळ्या होऊन काळ्या पडायला लागल्या होत्या. मेहुणे आपल्या गावी निघून गेले होते. आपाउला पोराबाळांत आणि नवऱ्याच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकलेली. फिलेमूने थोडा वेळ त्या झाडांकडे बघितलं. मग भगदाडातून पलीकडे गेली आणि शेंगा तोडायला लागली. संध्याकाळी मालाकीला म्हणाली, "उद्या तूही चल. आधी ती गडगी बांधू."

दोघांनी गडगी बांधली. मग रोज सकाळी आपलं शेत आणि दुपारनंतर उएलेचं रान. शेंगा फोडायच्या, गर काढायचा, केळीच्या पानांखाली आंबवत ठेवायचा, मग बिया चटयांवर वाळवायच्या. तयार झाल्या की फिलेमू त्या टोपलीत भरून उएलेच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. आपाउला टोपली आत घ्यायची आणि रिकामी टोपली बाहेर भिरकावायची. कुणी आल्यागेल्याला आत बोलावून खायला घालणारं गाव आमचं. पण फिलेमूला तिने कधी बस म्हटलं नाही. एकदा फिलेमूने पाणी मागितलं, तर तिने अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं.

महिन्याभराने उएले परत आला. हाताची जखम भरली होती, पण डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. अर्धवट वाकून तशीच राहायची, काहीतरी धरायला निघालेल्या माणसासारखी. दुसऱ्याच दिवशी तो रानात आला, तर फिलेमू शेंगा फोडत बसलेली, मालाकी शेजारी गर काढत.

"कुणी बोलावलं तुला?" तो म्हणाला.

"कुणी नाही. शेंगा कुजत होत्या."

"कोर्टात सांगायला बरं पडेल, नाही का? 'बघा साहेब, आम्ही किती राबलो.'"

फिलेमूने हातातली शेंग फोडली. "सांगू नकोस हवं तर. मी तरी सांगणार नाही."

"मग कशाला करतेस?"

"तुझा हात बांधला तेव्हा तो किती कापलाय ते मी बघितलं, म्हणून." ती थोडी थांबून म्हणाली, "आणि पोरगा सुटावा म्हणूनही करते. खोटं कशाला बोलू? आई आहे मी त्याची."

उएले तिथेच उभा राहिला. त्याला हसू आलं की राग आला, ते त्यालाच कळलं नसावं. मग तो बाजूला जमिनीत रोवलेल्या सोलायच्या खुंटापाशी गेला, उजव्या हाताने नारळ उचलून खुंटावर आपटला. नारळ फिरवायला दुसरा हात लागतो. तो निसटून गडगडत गेला. त्याने दुसरा आपटला, तोही निसटला. तिसऱ्या वेळी मालाकी उठला, नारळ उचलला, सोलला आणि उएलेच्या पायाशी ठेवला. उएलेने त्याच्याकडे बघितलं नाही. मालाकी समोर आला की त्याची नजर कुठेतरी दुसरीकडेच जायची. फिलेमूला वाटलं, राग आहे. तो असणारच.

रविवारी देवळात उएले उशिरा आला. एका हाताने लुंगी कमरेशी धरून. गाठ मारायला दोन हात लागतात, आणि आपाउला पोरांना घेऊन पुढे निघून आली होती. तो शेवटच्या बाकापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. प्रार्थनेला सगळे उठले, खाली बसले, तो उभाच. फिलेमूने डोळे मिटले, पण प्रार्थनेतला एकही शब्द तिच्या मनात शिरला नाही.

पुढच्या पहाटे मालाकी पुन्हा चटई घेऊन निघाला. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फिलेमू त्याच्या मागे गेली. दोघंच. खडीवर गुडघे टेकले, चटई पांघरली. बोलायचा प्रयत्न त्याने केलाच नाही. ऊन झाडांच्या शेंड्यावर यायच्या आत उएले बाहेर आला आणि उजव्या हाताने चटईचं टोक उचललं. चटई मोठी, एका हाताला आवरेना, घसरून पुन्हा मालाकीच्या डोक्यावर पडली. उएलेने आत बघितलं.

"अगं, ये ना. धर हे."

आपाउला खांबाशी उभी होती. हलेना. मग आली, दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून चटई उचलली. मालाकीचा चेहरा घामाने डबडबला होता.

"ऊठ दादा," उएले म्हणाला. पण बघितलं त्याने चटईकडेच.

इओसुआला कोर्टाने दिलेला वकील तरुण होता, घाईत असायचा. कोर्टाच्या आवारातल्या बदामाखाली त्याने मायलेकांना बसवलं.

"हे बघ, गुन्हा पहिल्याच तारखेला कबूल केलास, चांगलं झालं. वय लहान, आधीचा गुन्हा नाही, क्षमा मिळाली, गावाचा दंड भरला. हे सगळं मी मांडीन. पण कोयता आहे, आणि त्या माणसाचा हात कायमचा गेलाय. न्यायाधीशबाई विचारणार, भांडण कशावरून पेटलं. नुसत्या डुकरावरून माणसावर कोयता उचलला म्हणालास तर वाईट दिसतं. तीन वर्षांचा तुरुंग चुकत नाही. तो काही बोलला असेल तर सांग. शिवी दिली? आईवरून काही?"

"डुकरावरूनच," इओसुआ म्हणाला.

"हसले ते सगळे," फिलेमू मध्येच म्हणाली. "मी बघितलं. काय म्हणाला तो?"

"आठवत नाही."

"इओसुआ, अरे तीन वर्षं!"

"आई, आठवत नाही म्हटलं ना." त्याने मान फिरवली. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी काही लपवायचा तेव्हा व्हायचे तसे.

निकालाच्या आधी कोर्टाकडून तालीता नावाच्या बाई आल्या. शिक्षा ठरवण्यापूर्वी दोन्ही घरांची माहिती न्यायाधीशांना द्यायचं त्यांचं काम. उएलेच्या रानातच त्या एका खोडावर बसल्या. फिलेमू आणि मालाकी पलीकडे बिया उलट्यासुलट्या करत होते.

"हाताने काय काय जमत नाही?" त्यांनी विचारलं.

"माडावर चढणं. नारळ सोलणं. वल्हं मारणं." उएलेने थोडं थांबून सांगितलं, "लुंगीची गाठ."

"ही माणसं रोज येतात?"

"रोज."

"तुम्हाला काय वाटतं, मनापासून येतात?"

"म्हातारीनेच मला सांगितलं, पोरगा सुटावा म्हणूनही करते. लबाडी करणारा असं तोंडावर सांगेल होय?"

तालीताबाई हसल्या. मग म्हणाल्या, "त्या सकाळी तुम्ही त्याला काय बोललात?"

वाळणाऱ्या बियांचा खळखळ आवाज थांबला. मालाकीने हात थांबवला होता. उएलेने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि मान खाली घातली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

निकालाच्या दिवशी गावातून लाकडी बस भरून माणसं तुआसिवीच्या कोर्टात गेली. इओसुआने पांढरा सदरा घातला होता, मामाचा, खांद्यात घट्ट. न्यायाधीशबाई चष्मा लावून वाचत होत्या. केस पिकलेले, आवाज बारीक, सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. सरकारी वकिलाने सांगितलं, या बेटावर कोयत्याचे गुन्हे वाढलेत, शिक्षा अशी हवी की दुसऱ्याचा हात थांबेल. इओसुआच्या वकिलाने आपलं सगळं मांडलं.

मग बाईंनी विचारलं, "जखमी झालेल्या माणसाला काही सांगायचंय?"

उएले उठला. उजव्या हाताने त्याने डावा हात धरला होता.

"बाईसाहेब, आम्ही चटई उचलली आहे. मनात काही नाही." तो थांबला. बसतो की काय, असं वाटलं. बसला नाही. "आणखी एक आहे. पोलिसांना मी सांगितलं, भांडण डुकरावरून झालं. तालीताबाईंना म्हटलं, आठवत नाही. आठवतं मला. तो पोरगा गडगीपाशी येऊन नीटच बोलला. म्हणाला, काका, माझा बाप दोनदा सांगून गेला, आता तरी भगदाड बुजवा. मी म्हटलं, तुझा बाप? आणि मग..." त्याने ओठ पुसले. "मग मी त्याच्या बापाची नक्कल केली. तो बोलताना अडतो तशी. मान ताणून, डोळे मिटून. मेहुणे हसले म्हणून पुन्हा केली. पोरगा म्हणाला, पुरे. मी तिसऱ्यांदा केली."

 फिलेमूने शेजारी बघितलं. मालाकी समोर बघत होता. 

"त्याने हे कुठेच सांगितलं नाही," उएले म्हणाला. "मला वाटलं, वकिलाला तरी सांगेल. नाही सांगितलं. का, ते मला कळलं. भर कोर्टात बापाचं नाव निघू नये म्हणून. आणि मी आज ते काढलं. मालाकीदादा, मला माफ कर. रोज तू माझे नारळ सोलतोस आणि माझी वर बघायची हिंमत होत नाही."

बाईंनी चष्मा काढला. इओसुआला विचारलं, "हे खरं?"

इओसुआ रडत होता. "हो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"त्यांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं असतं."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग बोलल्या, आणि त्या बारीक आवाजातला शब्द न् शब्द मागच्या बाकापर्यंत गेला.

"इओसुआ, कुणी तुझ्या बापाला हिणवलं म्हणून तुला कोयता चालवायची मोकळीक मिळत नाही. बोटभर इकडे लागला असता तर हा माणूस मेला असता, आणि आपण वेगळ्याच गोष्टी बोलत असतो. या बेटावर घरोघरी कोयता आहे. उचलला तर काय होतं, ते लोकांना कळायला हवं. म्हणून तुला तुरुंगात जावं लागेल. तुझ्या वडिलांनी मागितलेली क्षमा शिक्षा पुसून टाकत नाही. पण मी ती मोजते. तुझ्या गावाने दंड घेतला, तोही मोजते. तुझी आई राबली. तिची मेहनत तुझ्या नावावर चढवता येत नाही, पण तू कुठल्या घरचा आहेस ते मला त्यातून समजतं. पहिल्याच दिवशी कबूल केलंस, आणि स्वतःला वाचवणारी एकच गोष्ट तुझ्याकडे होती, ती गिळलीस. तीही मोजते. आणि यांनी," बाईंनी उएलेकडे बघितलं, "आज स्वतःची लाज पत्करून खरं सांगितलं. ते सांगितलं नसतं तर माझ्या हातून तुला जास्त शिक्षा झाली असती, आणि ती चुकीची झाली असती."

आठ महिने तुरुंग, त्यानंतर वर्षभर देखरेख, आणि त्या वर्षात आठवड्यातला एक दिवस गावाचं काम. सभेनेही सांगितलं, सुटल्यावर त्याने गावात यावं.

इओसुआला गाडीत बसवण्याआधी मायबापाला भेटू दिलं. फिलेमूने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. मालाकीने हात त्याच्या खांद्यावर ठेवला, तिथेच, जिथे कावडीचे घट्टे होते.  गाडी गेली.

उएले बदामाखाली एकटाच उभा होता. आपाउला दूर बसपाशी. मालाकी त्याच्याकडे चालत गेला. माणसं बसमध्ये चढायची थांबली.

"उ... उ..." मालाकीची मान ताणली. डोळे मिटले. तो आपलंच नाव घेतोय हे उएलेला कळलं होतंच, त्याने हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तो थांबला. मालाकीच्या तोंडाकडे बघत, हात बाजूला सोडून, नीट उभा राहिला. "उ... उएले. तू... तू... ख... खरं बोललास. अ... अवघड होतं."

एवढं बोलायला बराच वेळ लागला. उएलेने मधला एकही शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला नाही. पुरतं ऐकून झाल्यावर म्हणाला, "हो दादा. लई अवघड होतं."

दुसऱ्या दिवशी फिलेमू उठली, चुलीवर कोको ठेवला आणि जुन्या सवयीने इओसुआचा एक पेला जास्त मांडला. मग तो उचलून ठेवला. मधे दोन सरी पडून गेल्या होत्या, खडकातली माती ओली होती. लागवड करायची तर आत्ताच. पण वरची सगळी पट्टी दोन म्हाताऱ्या माणसांनी कशी उरकायची? बेण्याचा भारा डोक्यावर घेऊन ती चढायला लागली.

वर पोहोचली तर पट्टीत माणसं होती. उएले उजव्या हाताने लाकडी पहार खडकाच्या फटीत मारत होता. पहार रुतली की पोट लावून ती गोल फिरवायची आणि खड्डा मोठा करायचा. मागून आपाउला वाकून एकेका खड्ड्यात बेणं रोवत होती आणि पायाने माती दाबत होती. बेणं त्यांच्या घरचंच आणलेलं दिसत होतं.

फिलेमू भारा डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. "हे काय चालवलंय?"

"ओळ वाकडी गेली असेल तर याला बोल," आपाउला मान वर न करता म्हणाली. "पहार याच्या हातात आहे. मी फक्त रोवते."

"खडकात सरळ ओळ कुठून येणार?" उएले म्हणाला. धापा टाकत होता. "दादा कुठे आहे?"

"येतोय मागून. तुमच्या नारळाकडे गेला असेल."

"बोलाव त्याला. नारळ राहू देत. माती वाळायच्या आत हे होऊ दे."

फिलेमूने भारा उतरवला आणि पलीकडच्या टोकापासून रोवायला सुरुवात केली. दोघी दोन टोकांनी जवळ येत गेल्या.  मधल्या खडकापाशी दोघींची पाठ एकदमच दुखली आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या. आपाउलाने मातीच्या हाताने कपाळ पुसलं, कपाळावर काळा पट्टा उमटला.

"त्याला भेटायला कधी देतात?" तिने विचारलं.

"रविवारी. देवळानंतर."

"काय नेशील?"

"बघू. पानांत नारळाचं दूध बांधून केलेलं पालुसामी आवडतं त्याला."

आपाउलाने पुन्हा वाकून एक बेणं घेतलं, रोवलं, टाचेने माती दाबली.

"मग तारोची पानं तू काढ," ती म्हणाली. "नारळ आम्ही आणतो. रविवारी पहाटेच ये आमच्याकडे, माझ्याच उमूच्या तापल्या दगडांवर भाजू. आणि बाहेर नळाशी थांबू नकोस हां. आत ये."